सहीच्या वर लिहिलेलं

मी निरोपाची वही बोलतेय. पहिलीच्या वर्गातली. पाठांतराची नाही, गृहपाठाची नाही, चित्रकलेची तर नाहीच. शाळेतलं घरी सांगायचं आणि घरचं शाळेत, एवढंच माझं काम. लोकांच्या घरात डोकावायचं काम म्हणा हवं तर. मला त्याची लाज नाही.

छापखान्यात आम्ही एका दमात बेचाळीस जणी जन्मलो. प्रत्येक पानावर वर छापलेलं, ‘आज वर्गात’ आणि तळाला, ‘पालकांचा शेरा व सही’. मधली जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेसाठीच आमचा जन्म. शाळेत आल्यावर बाईंनी आम्हाला खाकी कव्हरं घातली, नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या, आणि आमच्या पाठवण्या झाल्या. मी गेले भिंगरीकडे.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. चालता चालता मध्येच गोल फिरायची, म्हणून. माझ्या पहिल्या पानावर वडिलांचं नाव, त्यांचा फोन, आईचं नाव असे रकाने होते. आईच्या रकान्यात वडिलांनी एक आडवी रेघ मारली. पेन जरा जास्तच दाबलं गेलं होतं, मागच्या पानावर उठलं. आई दोन वर्षांपूर्वी आजारात गेली, हे मला नंतर कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. काकू नसत्या तर मला कुणाचंच काही कळलं नसतं.

आता या काकूंबद्दल सांगते. शिक्षण बेताचंच, बोट ठेवून आणि ओठ हलवून वाचायच्या. पण कान, डोळे आणि नाक तिन्ही तरतरीत. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की दार किलकिलं व्हायचंच. भिंगरीचे बाबा एका कचेरीच्या खिडकीत बसून लोकांचे अर्ज घ्यायचे, त्यावर शिक्का मारून सही करायची, पुढचा अर्ज. घरी यायला सात वाजायचे. तोपर्यंत भिंगरी काकूंकडे. ती पाय धुवायला गेली की काकू दप्तरातून मला काढायच्या आणि वाचायच्या. अक्षर न् अक्षर. मध्येच ‘अगं बाई’ म्हणायच्या, एकदा डोळेही पुसले.

कुणी चौकस बाईला नावं ठेवो, मी ठेवणार नाही. वाचली जाण्यात काय सुख असतं ते वहीलाच ठाऊक.

बाईंचं कसं होतं, एका दिवशी सगळ्या बेचाळीस वह्या लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून रोज आठ-नऊ वह्या. आमची पाळी बुधवारी. मधल्या सुट्टीत उजव्या हाती पेन, पलीकडे चहाचा कप, डावा हात पानाच्या तळाशी पसरलेला, आणि भराभर लिहीत सुटायच्या. पण लिहायच्या मात्र त्या मुलाचंच. इकडचं तिकडे चालायचं नाही त्यांना.

पहिल्या बुधवारी त्यांनी लिहिलं, ‘आपली मुलगी रडली नाही. रडणाऱ्यांकडे बघत बसली. मग शेजारणीला रुमाल दिला आणि पाच मिनिटांनी परत मागितला.’

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ‘घ आणि ध यांत गोंधळ होतो. पाटीवर “माझे धर” असे लिहिले. मी खोडले नाही, तिलाच शोधायला सांगितले.’

आणि एकदा, ‘डबा न खाता परत नेते. विचारले तर म्हणते, संध्याकाळी बाबांबरोबर खाते.’

सहीच्या जागी बाबांनी काय लिहायचं ते शाळेनेच सांगितलं होतं. ‘वाचले’ असं लिहून खाली सही. सुरुवातीला बाबा बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मला घ्यायचे, तळाला ‘वाचले’ लिहायचे, सही करायचे. वरची मोकळी जागा मात्र त्यांच्या नजरेस कधी पडलीच नाही. वाईट माणूस नव्हता हो. दिवसभर शंभर कागदांच्या तळाशी सही करणाऱ्याची नजर तळालाच जाते. वर बघायची सवयच मोडलेली.

डब्याचं वाचलं तेव्हा काकूंना राहवलं नाही. सात वाजता बेल वाजली तशा दारातच म्हणाल्या,

“अहो भिंगरीचे बाबा, पोरगी डबा खात नाही शाळेत. तुमच्यासाठी ठेवते.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

“बाईंनी लिहिलंय की वहीत.”

“वही तुम्ही वाचता?”

“उघडी होती.”

“दप्तरात उघडी?”

“दप्तर उघडं होतं,” काकू म्हणाल्या. पण आवाज पडला होता.

बाबांचे कान लाल झाले. थकलेल्या माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही. म्हणाले, “काकू, तुम्ही मुलीला सांभाळता, उपकार आहेत. पण वहीबिही माझं मी बघेन. आमच्या घरात नाक नका खुपसू.”

काकूंनी दार लावलं ते आवाज न करता. त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. दप्तर समोर असायचं, त्यांचे हात शिवशिवायचे, पण नाही म्हणजे नाही. मी अंधारात पडून असायचे, डब्याच्या ओल्या वासात, आणि ऐकत राहायचे. काकूंचा जीव तिथेच घुटमळतोय हे मला कळायचं. पण वहीला काही स्वतःहून उघडता येत नाही.

बाबांनीही ‘बघेन’ म्हटलं ते आपल्या परीने पाळलं. पुढच्या रविवारी मला मांडीवर घेऊन बसले आणि एका बैठकीत पुढच्या सोळा पानांच्या तळाशी ‘वाचले’ लिहून सह्या करून टाकल्या. दर बुधवारची कटकट नको. कचेरीत म्हणे कोऱ्या पावत्यांवर अशाच सकाळी सकाळी सह्या करून ठेवतात, म्हणजे गर्दीत खोळंबा होत नाही. पुढे मी कोरी होते. त्या पानांवर अजून अक्षर उमटलं नव्हतं आणि मी वाचूनही झाले होते. असा प्रसंग कुठल्या वहीवर येऊ नये.

बाईंच्या ते लक्षात आलं नाही. सांगितलं ना, त्यांचा डावा हात तळाशी पसरलेला असायचा.

भिंगरीच्या मात्र आलं, पण तिने ते वेगळंच घेतलं. ती तेव्हा अक्षरं जुळवू लागली होती. तिला पूर्ण वाचता आलेला पहिला शब्द ना ‘घर’ होता ना ‘कमळ’. तो ‘वाचले’ होता. पानापानावर तोच, बाबांच्या तिरक्या अक्षरात. ती बोट ठेवून म्हणायची, “वा… च… ले. वाचले!” आणि गोल फिरायची. बाबा आपलं सगळं वाचतात, याची तिला खात्री पटली.

मग तो बुधवार आला. बाईंनी वर्गात दार लावून घेतलं, आवाज खाली आणला.

“शुक्रवारी अकरा वाजता तुमच्या घरचं माणूस वर्गात येणार. तुम्ही त्यांना वाचून दाखवणार. पण घरी जाऊन सांगायचं नाही हं! गंमत आहे ती. वहीच सांगेल त्यांना.”

“आणि वही विसरली तर?” एकाने विचारलं.

“वही कशी विसरेल? तिच्या अंगावरच लिहिलंय.”

सगळी पोरं हसली. मी हसले नाही. बाकीच्यांवर गेल्या आठवड्यापासून पाळीपाळीने लिहून झालं होतं; माझ्यावर बाईंनी त्या दिवशी लिहिलं, ‘शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अवश्य यावे. आपली मुलगी “माझे घर” हे स्वतः लिहिलेले आपल्याला वाचून दाखवेल. मुलांनी हे गुपित ठेवले आहे.’ आणि त्याच्या खाली, तीन आठवड्यांपूर्वीच, ‘वाचले’.

भिंगरीने ते गुपित पोटात ठेवलं. त्या वयाला ते सोपं नसतं. काकूंकडे संध्याकाळी ओठ मिटून बसली, मध्येच खुदकन हसायची. “काय गं, काय आहे?” काकू विचारायच्या. “सांगायचं नाही.” काकूंनी दप्तराकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. रात्री भिंगरीने बाबांदेखत मला उघडून टेबलावर ठेवलं, शब्दावर बोट ठेवलं, समाधान झालं, आणि झोपून गेली. बाबांनी मला मिटून दप्तरात घातलं.

गुरुवारी तिने बाबांचा चांगला शर्ट खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवला. बाबांना वाटलं, खेळतेय. त्यांनी तो परत कपाटात टांगला.

शुक्रवारी वर्गात बेचाळीस छोट्या बाकांसमोर बेचाळीस खुर्च्या मांडल्या. कुणी कुठे बसायचं ते कळावं म्हणून बाईंनी एकेका खुर्चीवर एकेक वही ठेवली. ज्याची वही, त्याची खुर्ची. मोठी माणसं आली, आपापली वही उचलून मांडीवर घेतली आणि बसली. कुणाची आजी, कुणाचा मामा, कुणाचे आईवडील दोघेही, एका खुर्चीवर अर्धे अर्धे. माझ्या एकेक बहिणीला हात लागत गेला. शेवटी खुर्चीवर पडलेली मी एकटीच.

भिंगरी दाराकडे बघत होती. तिची पाळी आली तेव्हा बाई वाकून म्हणाल्या, “थांबायचं का थोडं?”

“हो. बाबांनी वाचलंय. येतील.”

बाईंनी तिला शेवटी ठेवलं. मध्ये बाहेर जाऊन फोनही लावून आल्या. पण बाबांचा फोन कचेरीच्या खणात असतो, खिडकीत फोन चालत नाही. एकेचाळीस मुलांचं झालं. बाई येऊन माझ्या खुर्चीशी उभ्या राहिल्या. “मी बसू इथे?”

“नको,” भिंगरी म्हणाली. “ती बाबांची आहे.”

मग तिने कागद दोन्ही हातांनी धरला आणि मला वाचून दाखवलं. मलाच, कारण खुर्चीवर दुसरं कोण होतं?

“माझे घर. माझ्या घरात दोन खोल्या आहेत. मी शाळा सुटल्यावर काकूंकडे थांबते. मग बाबा बेल वाजवतात. मला त्यांची बेल ओळखता येते. मग आम्ही डबा खातो.”

घ प्रत्येक वेळी बरोबर वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. मी आजवर कितीतरी निरोप अंगावर वागवले. पण ज्याचं त्याला न पोचवता स्वतःच ऐकून बसायची वेळ पहिल्यांदाच आली होती. चोरी केल्यासारखं वाटलं.

इकडे काकूंनी गॅलरीतून पाहिलं होतं. सकाळी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून माणसं शाळेकडे निघालेली. शाळेत काहीतरी आहे, हे त्यांनी ओळखलं. बाबांना कचेरीत फोन करावा का, असंही मनात आलं, म्हणे. पण नाक खुपसायचं नाही असं ठरलेलं. त्या एका दिवशी त्यांनी शब्द मोडायला हवा होता. हे त्या स्वतःच पुढे कितीदा म्हणाल्या.

त्या संध्याकाळी भिंगरी बाबांना काहीच बोलली नाही. ज्याने वाचलं आणि तरी आला नाही, त्याला काय विचारायचं? डबा मात्र त्या दिवशी तिने शाळेतच संपवला होता. बाबांनी रिकामा डबा पाहिला आणि खूश झाले.

पुढच्या बुधवारी बाईंनी लिहिलं, ‘शुक्रवारी आपली खुर्ची रिकामी होती. मुलीने एकही चूक न करता वाचले. आपण ऐकायला हवे होते.’ आणि पेन ठेवून तळहात उचलला, तो खाली ‘वाचले’! शाई केव्हाचीच वाळलेली. त्यांनी पुढचं पान उलटलं. वाचले. त्याच्या पुढचं. वाचले.

“अगं, हे बघ,” त्यांनी शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावलं. “मी अजून लिहिलं नाही तेही वाचून ठेवलंय यांनी.”

“ज्योतिषी असतील,” त्या म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. आठवडाभर काहीतरी मनात घोळवलं असावं. पुढच्या बुधवारी ठळक, सुटं सुटं, पोरांना वाचता येईल अशा अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘आज वर्गात हत्ती आला. त्याने आपल्या मुलीचा डबा खाल्ला. मग दोनचा पाढा म्हणाला.’

भिंगरीने ते काकूंकडे बसून वाचलं आणि एकटीच हसत सुटली.

“का गं हसतेस?”

“हत्ती!”

“कुठला हत्ती?”

“वहीतला.”

काकू दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

त्या रात्री भिंगरी बाबा हसायची वाट बघत होती. गुरुवारी बघत होती. शुक्रवारी, शनिवारीही. रविवारी बाबा शर्टाला इस्त्री करत होते तेव्हा ती मला घेऊन समोर उभी राहिली.

“बाबा, तू हत्तीचं वाचलंस ना?”

“कुठल्या हत्तीचं?”

“वहीतल्या. तुझी सही आहे.”

“हो हो. वाचलं की.”

“मग हसला का नाहीस?”

बाबा लगेच हसले. “हा हा. केवढा होता गं?”

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग पानं मागे उलटली, निरोपाचं पान काढलं, ‘वाचले’वर बोट ठेवलं. “आणि शुक्रवारचं पण वाचलंस. मग आला का नाहीस?”

बाबांनी इस्त्री उभी केली आणि मला हातात घेतलं. पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, त्यांची नजर पानाच्या वरच्या टोकाला गेली. हत्ती वाचला. रिकामी खुर्ची वाचली. शुक्रवारचा निरोप वाचला, आणि मग उभ्या उभ्या मागे मागे जात डबा, माझे धर, रुमाल. खालची प्रत्येक सही त्यांचीच होती. वाचून होईपर्यंत ते भिंतीला टेकून खाली बसले होते.

मग म्हणाले, “मला वाचून दाखवतेस? माझे घर?”

“ते शुक्रवारी होतं,” भिंगरी म्हणाली. रागाने नाही. खरं तेच सांगितलं तिने, आणि खेळायला गेली.

बाबांनी पेन घेऊन एकेका पानावरचं ‘वाचले’ खोडलं. लिहिलेल्या पानांवरचंही, कोऱ्यांवरचंही. मग शेजारची बेल वाजवली. मी त्यांच्या हातातच होते.

“काकू, चुकलं माझं. ही वही तुम्ही वाचत जा.”

“मी कशाला? माझं मी बघतेय.”

“तुम्ही सांगितलंत तेव्हा ऐकायला हवं होतं.”

“ते राहू दे,” काकू म्हणाल्या, “त्या हत्तीचं काय ते आधी सांगा. चार दिवस माझ्या पोटात दुखतंय.” आणि बोलता बोलता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. हत्तीवरून रडणारी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत.

त्यानंतरचे सात बुधवार माझ्या आयुष्यातले खरे. बाबा वरून खाली वाचायचे, आणि कचेरीतल्या अक्षरात उत्तर लिहायचे. ‘यापुढे दोन डबे देत आहे, एक शाळेत खाण्याचा, एक माझ्याबरोबर खाण्याचा.’ बाईंनी त्याखाली टिकमार्क केली. काकू मग सगळंच पुन्हा वाचायच्या, आता उघड उघड, चहा घेत.

पण सुख सातच पानांचं. शाळेने सगळ्या पालकांचा फोनवर गट केला. आता निरोप एकदम बेचाळीस घरी जातो. ‘उद्या पांढरे बूट.’ ‘परवा सुट्टी.’ कुणी रुमाल दिला, कुणी परत मागितला, ते त्यात बसत नाही. पाहिलं की खाली आपोआप खूण उमटते म्हणे. म्हणजे सही करायचीही गरज उरली नाही. मी दप्तरातून टेबलावर आले, टेबलावरून खणात. माझी चौदा पानं कोरीच राहिली.

वर्ष संपलं. बाबांची बदली झाली. सामान बांधताना रद्दी वेगळी काढली, त्यात मी होते. भिंगरीने मला ओढून काढलं आणि जिन्यात पायरीवर बसली. आता तिला बोट लागत नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिने मला वाचलं. रुमालाशी हसली, डब्याशी थांबली. शुक्रवारच्या पानावर आली. तिथे बाबांचं ‘वाचले’ खोडलेलं होतं. तिने पेन्सिल काढली आणि त्याच्या शेजारी, बाबांसारख्याच तिरक्या अक्षरात लिहिलं, ‘वाचले.’

मग काकूंचं दार वाजवलं. “काकू, हिला ठेवा. मी परत आले की नेईन.”

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेजारच्या दाराला कुलूप आहे. मी काकूंच्या कपाटात आहे, औषधांच्या डब्याखाली. सात वाजले की काकू अजून जिन्याकडे कान देतात. बेल काही वाजत नाही. कधीमधी त्या मला काढतात, बोट ठेवून, ओठ हलवून वाचतात. शुक्रवारच्या पानावर आलं की थांबतात. एकदा पेनही घेतलं होतं हातात, मग ठेवून दिलं. “आपण कोण सही करणार,” म्हणाल्या, आणि मला मिटलं.

तो शेवटचा शब्द भिंगरीने कशाबद्दल लिहिला, मला सांगता येणार नाही. त्या शुक्रवारी तिने वाचलं, म्हणून असेल. पायरीवर बसून मला वाचलं, म्हणून असेल. मला तो ऐकू येतो तो माझ्याच तोंडून. रद्दीत जाणार होते, वाचले.

तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल, नाहीतर फोनवर काहीबाही येत असेल. खालची खूण घाईने करू नका. आधी वर बघा. वर हत्ती असेल, रुमाल असेल, नाहीतर एखादा शुक्रवार. आणि भिंगरी नावाची, आता मोठी झालेली मुलगी कुठे भेटली, तर तिला एवढंच सांगा की तुझी वही काकूंकडे आहे, चौदा पानं कोरी आहेत, आणि काकूंना तुझी बेल अजून ओळखता येते.